माणूस म्हणजे अडचण नव्हे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात शंका आली असेल की, कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने मानसोपचाराच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे कारण काय? शंका रास्त आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही माझ्यापाशी नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले. परंतु ज्या उपचारपद्धतीचा इतिहास मी आज सांगणार आहे, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आमच्या कचेरीत रोज येतो. अमुक एक माणूस कोण आहे, कसा आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? साहेबाचा, डॉक्टरचा, मास्तरांचा, की त्या माणसाचा स्वतःचा? या एका प्रश्नाचे बोट धरून आपण हा इतिहास पाहू.

इंग्रजीत या पद्धतीला ‘नॅरेटिव्ह थेरपी’ म्हणतात. आपण तिला ‘कथनोपचार’ म्हणू. तिचे मूळ गृहीत अगदी साधे आहे. प्रत्येक माणूस स्वतःविषयी एक हकीगत मनाशी बाळगून जगत असतो. आयुष्यात घटना असंख्य घडतात. त्यांतल्या मोजक्या निवडून, एका दोऱ्यात ओवून तो म्हणतो की मी हा असा आहे. ‘मी भित्रा आहे’, ‘मी नालायक आहे’, ‘माझ्या हातून काही होणे नाही’ ही अशा हकीगतींची शीर्षके होत. एकदा शीर्षक ठरले की त्यात न बसणाऱ्या घटना आपोआप गळून पडतात. भित्र्या म्हणवणाऱ्या माणसाने दहा वेळा धैर्य दाखवले असेल, पण ते दहा प्रसंग त्याच्या स्वतःच्याच हिशेबात जमा होत नाहीत. आणि पुष्कळदा ही हकीगत त्याने एकट्याने रचलेलीही नसते. घर, शाळा, जात, कारखाना, दवाखाना अशा अनेक हातांनी ती लिहिलेली असते. तेव्हा ती हकीगत उलगडून पाहावयाची, ती कोणी लिहिली ते शोधावयाचे, गळालेल्या घटना परत जमेस धरावयाच्या आणि त्यांतून माणसाला स्वतःची अधिक खरी ओळख करून द्यावयाची, असा हा उपचार आहे.

बोलण्याने मनाचे दुखणे हलके होते ही गोष्ट आपल्या आजी-पणजींना ठाऊक होतीच. तथापि युरोपातील वैद्यकाने ती दप्तरी नोंदवली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. व्हिएन्ना शहरात योझेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर होते. १८८० ते १८८२ या काळात त्यांनी एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार केले. बापाच्या आजारपणात त्याची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. हातपाय लुळे पडत, दृष्टी बिघडे, काही काळ तर तिला स्वतःची जर्मन भाषाही बोलता येईना, ती फक्त इंग्रजीत बोले. मनातले सारे बोलून टाकल्यावर तिला बरे वाटे, आणि या उपायाला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी आपल्या ग्रंथात तिची हकीगत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने छापली, आणि त्या एका प्रकरणावर पुढे मानसोपचाराची मोठी इमारत उभी राहिली.

आता यातली मौज पाहा. ही ॲना ओ. म्हणजे बेर्था पापेनहाइम. उपचारानंतरची कित्येक वर्षे तिची प्रकृती मधूनमधून बिघडतच होती. परंतु पुढे तिने अनाथ मुलींचे वसतिगृह चालवले, स्त्रियांच्या खरेदीविक्रीविरुद्ध लढा दिला आणि १९०४ साली जर्मनीत ज्यू स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या निधनानंतर, १९५४ साली, पश्चिम जर्मनीच्या सरकारने मानवतेच्या सेवकांच्या मालिकेत तिचे टपाल तिकीट काढले. ॲना ओ. म्हणजेच ती, हे जगाला जाहीरपणे कळले १९५३ साली. म्हणजे एकाच बाईच्या दोन हकीगती झाल्या. एक डॉक्टरांच्या ग्रंथातली, हिस्टेरियाच्या रोग्याची. दुसरी तिने स्वतः जगून दाखवलेली, संघटना बांधणाऱ्या बाईची. मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या पहिलीच शिकवली गेली. बोलली रोगी, पण त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा हक्क राहिला डॉक्टरांकडे.

विसाव्या शतकात हा हक्क अधिकच पक्का झाला. १९५२ साली अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मनोविकारांची अधिकृत यादी प्रसिद्ध केली. तीत शंभराहून थोडे अधिक विकार होते. १९८० साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांची संख्या अडीचशेच्या वर गेली. अशा यादीचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. दुखण्याला नाव मिळाले की औषध शोधता येते, आणि ‘हे माझेच पाप आहे’ असे समजणाऱ्या रोग्याला दिलासाही मिळतो. परंतु यादीतले नाव दुखण्याला न चिकटता माणसाला चिकटले म्हणजे अनर्थ होतो. आणि ही नावे काही आकाशातून पडलेली नसतात. याच यादीत समलिंगी आकर्षणाची गणना मनोविकारात केलेली होती. १९७३ साली त्याच संघटनेने ती रद्द केली. एका ठरावाने असंख्य माणसे आजारी ठरली होती, दुसऱ्या ठरावाने ती निरोगी ठरली. माणसे मात्र तीच होती.

ज्ञान आणि सत्ता यांच्या या संगनमतावर ज्याने बोट ठेवले तो फ्रेंच विचारवंत मिशेल फूको. १९६१ साली त्याने वेडेपणाचा इतिहास लिहिला आणि १९७५ साली तुरुंगाच्या जन्माची कथा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जुना राजा चाबकाने हुकूम चालवी. नवी सत्ता पाहते, मोजते, तुलना करते आणि नोंद ठेवते. तुरुंग, शाळा, इस्पितळ, कारखाना या सर्व ठिकाणी माणसाची फाईल तयार होते. सरासरी अमुक, तू तिच्या खाली किंवा वर. होता होता माणूस स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो, पहारेकऱ्याची गरजच उरत नाही. हा विचार समजावयास मला फार कष्ट पडले नाहीत. ज्याने मस्टरवर सही केली आहे, टाइमकीपरच्या घड्याळाखालून जो गेला आहे, आणि उत्पादनाच्या तक्त्यावर आपले नाव तळाशी पाहून ज्याची झोप उडाली आहे, अशा कोणत्याही कामगाराला तो समजेल.

फूकोचे हे विचार वाचून ज्यांनी उपचाराची रीतच बदलली, ते दोघे गृहस्थ दक्षिण गोलार्धातले. मायकेल व्हाइट यांचा जन्म १९४८ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी झाला. आरंभी ते ड्राफ्ट्समन, म्हणजे आराखडे काढणारे होते. ते काम सोडून ते समाजकार्याकडे वळले, १९७९ साली पदवीधर झाले आणि मुलांच्या इस्पितळात मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करू लागले. १९८३ साली ॲडलेडमध्ये डलिच सेंटर ही संस्था निघाली. तिच्या उभारणीत आणि विशेषतः प्रकाशनात शेरिल व्हाइट यांचा मोठा वाटा आहे. दुसरे गृहस्थ डेव्हिड एप्स्टन. जन्म १९४४, कॅनडातला. तरुणपणी न्यूझीलंडला गेले, मानववंशशास्त्र शिकले आणि ऑकलंडमध्ये कुटुंबांबरोबर काम करू लागले. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी दोघांची गाठ पडली आणि जन्माची मैत्री झाली. १९९० साली न्यूयॉर्कहून त्यांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही पद्धती जगभर पोहोचली.

त्यांनी नेमके काय केले, ते एका उदाहरणाने सांगतो. हे उदाहरण व्हाइट यांच्याच लेखनातले आहे. सहा वर्षांचा एक मुलगा. कपड्यांत शौच करण्याची खोड. रोज काही ना काही प्रकार व्हावयाचा. इतकेच नव्हे, तर तो मुलगा ती घाण भिंतींना फाशी, कपाटामागे टाकी. सगळे उपाय करून झाले होते. आई हताश झाली होती आणि आपण चांगली आई नाही असे तिच्या मनाने घेतले होते. बाप इतका ओशाळला होता की स्नेह्यासोबत्यांत मिसळेनासा झाला होता. रूढ पद्धतीने विचारला जाणारा प्रश्न ठरलेला: या मुलात काय बिघडले आहे? किंवा: या आईबापांचे काय चुकले?

व्हाइट यांनी दोन्ही प्रश्न बाजूस ठेवले. त्यांनी त्या त्रासालाच एक नाव दिले. आपल्याकडची मुले त्याला ‘लबाड शी’ म्हणतील. मग त्यांनी मुलाला आणि आईबापांना निराळेच प्रश्न विचारले. ही लबाड शी तुला कशी फसवते? ती तुझी खेळगडी असल्याचे सोंग करते का? तिने तुझ्या आईच्या मनात स्वतःविषयी काय भरवले आहे? बाबांचे मित्र तिने कसे तोडले? ही झाली तिने केलेल्या नुकसानीची मोजदाद. त्यानंतर प्रश्नांचा दुसरा संच: कधी असे झाले आहे का, की तिने तुला बोलावले आणि तू गेला नाहीस? मुलाला असे प्रसंग आठवले. आईलाही आठवला. एके दिवशी घाण पाहून कोसळून जाण्याऐवजी तिने सरळ गाणी लावली होती आणि त्या दिवसापुरती तरी हताशा घरात शिरू दिली नव्हती. बापाने ठरवले की यापुढे ही गोष्ट लपवावयाची नाही, कामावरच्या सोबत्याशी बोलावयाचे. दोन आठवड्यांनी कुटुंब पुन्हा आले, तेव्हा मधल्या काळात एकच किरकोळ प्रसंग घडलेला होता. अशा मुलांविषयीचा व्हाइट यांचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलाच्या शौचाची गोष्ट, परंतु मानसोपचाराच्या इतिहासात तिला स्थान मिळाले.

ते स्थान का मिळाले, याचा विचार करू. जोवर ‘मुलगा बिघडला आहे’ असे वाक्य होते, तोवर लढाई मुलाशी होती, आणि आईबाप एकमेकांना दोष देत होते. त्रास बाहेर काढून समोर उभा केला, तेव्हा तिघेही एका बाजूला आले आणि त्रास दुसऱ्या बाजूला गेला. माणूस ही अडचण नसून अडचण हीच अडचण आहे, हे या पद्धतीचे सूत्र झाले. शास्त्रात याला बाह्यीकरण म्हणतात. नुसते नाव बदलून हा परिणाम होत नाही. ‘तू तसा आहेस’ या वाक्याला माणसाजवळ उत्तर नसते. ‘ते तुझ्याशी असे वागते’ या वाक्याला असते. दुसऱ्या वाक्यात काहीतरी करण्याला जागा आहे. आणि तिसरी गोष्ट अशी की, मुलाला आठवलेले ते नकाराचे प्रसंग उपचारकाने दिलेले नव्हते. ते घडलेलेच होते, फक्त कोणी विचारले नव्हते. कथनोपचार म्हणजे माणसाला गोड गोड खोटे सांगणे नव्हे. त्यात खोट्याला वाव नाही. घडलेल्या पण दुर्लक्षित घटनांनाच साक्षीला बोलवावयाचे असते. ‘तू शूर आहेस’ असे पाठ थोपटून सांगितल्याने कोणी शूर होत नाही. ‘त्या दिवशी तू नाही म्हणालास, ते कसे जमले? हे तुझ्याविषयी कोणाला आधीपासून ठाऊक होते?’ असे विचारल्यावर मात्र माणूस स्वतःकडे वळून पाहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते की, प्रत्येक गोष्टीत एक घटनांचा पदर असतो आणि दुसरा पात्रांच्या मनातील हेतूंचा, अर्थांचा. व्हाइट यांचे प्रश्न या दोन पदरांवरून जाये करीत राहतात: काय घडले, आणि त्यावरून तुला कशाची चाड आहे हे दिसते?

एप्स्टन यांची देणगी आणखी निराळी. उपचारक रोग्याविषयी टिपणे लिहितो आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवतो; रोग्याला ती बहुधा दिसत नाहीत. एप्स्टन भेटीनंतर त्या माणसालाच पत्र लिहू लागले. तुम्ही असे म्हणालात, मला त्यात हे दिसले, मी बरोबर समजलो का, अशा धाटणीची ही पत्रे. भीतीवर मात केलेल्या मुलांना तर रीतसर प्रमाणपत्रे दिली जात. राक्षस माणसाळवणारा, भीती पकडणारा असा हुद्दा त्यावर असे. वरवर हा पोरखेळ वाटेल, परंतु यामागे मोठी समज आहे. आमच्या धंद्यातले सांगतो. खातेनिहाय चौकशीत कामगारासमोर त्याची फाईल येते. तीत वीस वर्षांच्या नोकरीतले सात मेमो असतात. ज्या पाच हजारांवर पाळ्या त्याने मुकाट्याने भरल्या, ज्या रात्री त्याने सोबत्याचा हात यंत्रातून वाचवला, त्यांचा एकही कागद तीत नसतो. आरोपपत्र वाचून झाल्यावर कामगार मान खाली घालतो, कारण कागदावरचा माणूस आपणच, असे त्यालाही वाटू लागते. अशा वेळी बचाव म्हणजे काय? तर दुसरी फाईल तयार करणे. सोबत्यांचे जबाब, जुन्या पाळीच्या नोंदी, साक्षीपुरावे. फाईलला फाईलनेच उत्तर द्यावे लागते. ऑकलंडची ती पत्रे अशा प्रतिफायलीच होत.

साक्षीदारांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपली ओळख ही खाजगी मालमत्ता नाही. चार माणसांनी ऐकून मान डोलावल्याशिवाय ती पक्की होत नाही. बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे राहणाऱ्या वृद्ध ज्यू स्थलांतरितांचा अभ्यास केला. १९७८ साली त्यावर त्यांचा ग्रंथ आला. पूर्व युरोपातली त्यांची गावे नष्ट झालेली, मुले दूर गेलेली, शेजारी त्यांच्याकडे पाहीनासे झालेले. ही म्हातारी माणसे एकत्र जमत, समारंभ घडवीत आणि आपण कोण आहोत हे एकमेकांना ऐकवीत. कोणी पाहत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच आपले प्रेक्षक निर्माण केले. व्हाइट यांनी ही रीत उपचारात आणली. एक जण बोलतो, काही निवडक माणसे ऐकतात. मग ऐकणारे बोलतात आणि बोलणारा ऐकतो. ऐकणाऱ्याने शाबासकी द्यावयाची नाही, सल्लाही द्यावयाचा नाही. तुझ्या बोलण्यातला कोणता शब्द माझ्या मनाला लागला, आणि माझ्या आयुष्यात त्याने काय हलले, एवढेच सांगावयाचे.

या रीतीची खरी कसोटी लागली ती ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्ये. पोलीस कोठडीत आणि तुरुंगांत मूळ रहिवासी मरण पावत होते. १९८७ साली सरकारने चौकशी आयोग नेमला. १९८० ते १९८९ या काळातील ९९ मृत्यूंची आयोगाने चौकशी केली आणि १९९१ साली अहवाल दिला. त्या ९९ जणांपैकी ४३ जण असे होते की ज्यांना लहानपणी सरकारने किंवा मिशनऱ्यांनी आईबापांपासून तोडले होते. अहवाल झाला, शिफारशी झाल्या. परंतु मागे राहिलेल्या कुटुंबांच्या दुःखाचे काय? दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या आरोग्य परिषदेने पुढाकार घेतला आणि डलिच सेंटरच्या लोकांना मदतीस बोलावले. १९९४ साली कॅम्प कूरोंग या ठिकाणी, मूळ रहिवाशांच्याच भूमीवर, ही कुटुंबे काही दिवस एकत्र राहिली.

तेथे जे घडले त्याचा वृत्तांत पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आपल्या गोष्टी परत मिळवणे, आपले जीवन परत मिळवणे, असा त्याच्या नावाचा आशय. या कुटुंबांतली माणसे वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत आली होती. आपण त्या रात्री कोठडीत गेलो असतो तर? आपण मुलाला घराबाहेर जाऊ दिले नसते तर? येथे त्यांनी आपल्या दुःखाचे खरे नाव उच्चारले, आणि ते नाव होते अन्याय. ते दुःख रोग नव्हता, स्वभावदोषही नव्हता. अन्यायाला अन्याय म्हटल्यावर स्वतःला दिलेला दोष सैल पडला. मृताची ओळखही ‘कोठडीत मेलेला’ एवढीच राहिली नाही. तो कोणाचा भाऊ होता, कसा हसे, काय शिकवून गेला, हे बोलले गेले. लहान मुलाच्या खोडीपासून सुरू झालेली पद्धती दहा वर्षांत येथवर आली.

आणि गंमत म्हणजे, ती तेथून परतही वळली. ज्यांच्यावर उपचार व्हावयाचे त्यांनीच ती पुढे नेली. बार्बरा विंगार्ड या मूळ रहिवासी समाजातल्या आरोग्यसेविका. त्यांच्या लोकांत मधुमेहाने थैमान घातले होते, पण त्याविषयी बोलावयास लोक लाजत. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी मधुमेहाला माणसाचे सोंग दिले. एक जण ‘शुगर’ होऊन बसतो आणि लोक तिची उलटतपासणी घेतात: तू कोठून आलीस? कोणाच्या घरात शिरतेस? तुला काय आवडत नाही? आपल्याकडे तर घरोघरी ‘मला शुगर आहे’ असेच म्हणतात, तेव्हा ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. पुढे आफ्रिकेत एड्सने अनाथ झालेल्या मुलांसाठी न्काझेलो न्क्यूबे आणि डेव्हिड डेनबरो यांनी ‘जीवनवृक्ष’ नावाची रीत बसवली. २००६ साली न्क्यूबे यांनी तिच्यावर लेख लिहिला. मूल झाड काढते. मुळांशी आपले गाव आणि पूर्वज, खोडावर आपल्या अंगचे गुण, फांद्यांवर आशा, पानांवर जिव्हाळ्याची माणसे. सगळी झाडे भिंतीवर शेजारी शेजारी लावली की जंगल होते. वादळांविषयी बोलावयाचे ते त्यानंतर. पायाखाली घट्ट जमीन आल्याशिवाय मुलाला त्याच्या दुःखात लोटावयाचे नाही, हा त्यातला विचार. आपल्या मुंबईतही, वाढीत अडचणी असलेल्या मुलांसाठी २००१ साली सुरू झालेल्या ‘उम्मीद’ या केंद्रात कथनोपचाराच्या रीती वापरल्या आणि शिकवल्या जातात.

इतका गुणगौरव झाल्यावर आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप पुराव्याचा. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना माणसे मोजण्याचाच तिटकारा, त्यामुळे मोजमाप केलेले प्रयोग थोडे. २०११ साली ऑस्ट्रेलियातील व्रोमन्स आणि श्वाइट्झर यांनी नैराश्याच्या ४७ प्रौढ रोग्यांना आठ बैठका देऊन अभ्यास केला. बहुतेकांचे नैराश्य कमी झाले आणि तीन महिन्यांनंतरही तो गुण टिकला; मात्र माणसांशी संबंधांतली सुधारणा तशी टिकली नाही. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. तेव्हा सर्व दुखण्यांवर हा रामबाण आहे असे कोणी म्हणू नये. ज्याला औषध लागते त्याला औषध मिळालेच पाहिजे.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. अडचण माणसाबाहेर काढली, तर बायकोला मारणारा दारुडा म्हणेल की मारले ते दारूने, मी नव्हे. आक्षेप वजनदार आहे. याचे उत्तर ॲडलेडच्याच ॲलन जेंकिन्स यांनी १९९० साली एका ग्रंथाने दिले. हिंसा करणाऱ्या पुरुषांबरोबर त्यांनी काम केले होते. हिंसा ही त्या पुरुषाने केलेली कृती आहे. ती बाहेर काढून ठेवता येत नाही. बाहेर काढून तपासावयाचे ते ‘बाई म्हणजे माझी मालमत्ता’ या समजुतीला, ज्या समजुतीने त्याला वाढवले. ती समजूत समोर ठेवल्यावर त्याला विचारावयाचे: आता तू कोणाच्या बाजूने? म्हणजे जबाबदारी टळत नाही, उलट ती घेण्याला तोंड फुटते.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. ज्याचे दुःख उपासमारीतून आले आहे, त्याला नवी हकीगत देऊन काय होणार? १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फिसकटला, असंख्य संसार देशोधडीस लागले. त्या कामगारांना आपण बरबाद झालो असे वाटले, ते त्यांच्या मनाचा खेळ म्हणून नव्हे. चुली खरोखरच विझल्या होत्या. न्यूझीलंडमधील लोअर हट येथील फॅमिली सेंटरच्या कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न आपल्या धंद्याला विचारला. त्यांच्याकडे येणारी गरीब कुटुंबे उदास होती, कारण घर नव्हते, काम नव्हते. त्यांना उपचार देऊन, जरा बरे वाटावयास लावून, त्याच गळक्या खोलीत परत पाठवणे म्हणजे गरिबीत समाधान मानावयास शिकवणे होय, असे त्यांनी सांगितले. १९९० साली डलिच सेंटरनेच त्यांचे हे विचार प्रसिद्ध केले. न्याय्य उपचार असे नाव त्यांनी आपल्या कामाला दिले. उपचाराच्या खोलीत वारंवार ऐकू येणारी गाऱ्हाणी त्यांनी घरांच्या आणि गरिबीच्या संशोधनात नेली, आणि ते सरकारच्या दारात नेऊन उभे केले.

माझ्या आक्षेपाचे उत्तर मला येथे मिळते. हकीगत भाकरीची जागा घेऊ शकत नाही. परंतु भाकरीसाठी उठावयाचे तर ‘मी नालायक म्हणून उपाशी आहे’ ही हकीगत आधी खाली ठेवावी लागते. संप हरलेल्या गिरणगावातही तेच दिसते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तेथील माणसांची मौखिक निवेदने जमवून २००४ साली इंग्रजीत ग्रंथ काढला. वर्तमानपत्रांनी त्या माणसांची ओळख ‘संपाने बुडालेले’ एवढीच ठेवली होती. त्यांच्या स्वतःच्या तोंडून ऐकले म्हणजे मेळे दिसतात, शाहिरी दिसते, खानावळ चालवणाऱ्या बाया दिसतात, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले दिसतात, आणि लढे दिसतात. ते काम उपचार म्हणून कोणी केले नव्हते. तरीही विचारणारा नीट असेल तर हरलेल्या माणसाच्या हकीगतीत पराभवाशिवाय किती काय निघते, याचा तो पुरावा आहे.

मायकेल व्हाइट २००८ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे, शिकवण्याच्या दौऱ्यावर असताना वारले. त्यांच्यामागे राहिलेली शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला, पदवी नसतानाही, वापरता येण्याजोगी आहे. आपल्या घरात एखादा मुलगा ‘ढ’ ठरलेला असतो, एखादी सून ‘भांडकुदळ’, एखादा भाऊ ‘फुकट गेलेला’. आमच्या कारखान्यांत एखादा ‘कामचुकार’ असतो. हे शब्द बोलावयास सोपे, पण ते माणसाच्या कपाळावर गोंदल्यासारखे बसतात, आणि गोंदणारे बहुधा आपणच असतो. त्या मुलाला किंवा त्या भावाला आपण एवढेच विचारू शकतो की, हे तुझ्यामागे केव्हापासून लागले, त्याने तुझे काय काय नेले, आणि असा एखादा दिवस होता का की त्याचे तुझ्यावर काही चालले नाही? विचारल्यावर मात्र गप्प बसून ऐकावे लागते. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिला प्रश्न विचारण्यापेक्षा हे गप्प बसणे अवघड आहे. पण त्या शांततेत माणूस आठवू लागतो, आणि जे त्याला आठवते ते कोणत्याही फायलीत लिहिलेले नसते.